एकोणचाळिसाव्या खेळीपासून

मंगळवारी सकाळी साडेअकराला कारखान्यात फोन आला, तेव्हा मी सात नंबरच्या शिलाई मशीनखाली आडवा होतो. सुपरवायझर बाईंनी माझ्या बुटाला हात लावला. एरवी त्या लांबूनच ओरडायच्या, "अहो मिस्त्री, दुरुस्ती चाललीय की झोप?" त्या दिवशी ओरडल्या नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

फोनवर दातांचे डॉक्टर होते. माझी बायको त्यांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लिहून घ्यायची, सतरा वर्षं. ते म्हणाले, "लवकर या." मी विचारलं, "काय झालं?" ते थांबले आणि म्हणाले, "सावकाश या. गाडी जपून चालवा." आधी लवकर, मग सावकाश. मी हातातला स्क्रूड्रायव्हर न ठेवताच निघालो.

डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. वहीत एका पेशंटचं अर्धं नाव लिहून ती टेबलावर वाकली आणि पुन्हा उठली नाही. चोपन्न वर्षांची होती. सकाळी माझ्या डब्यावर झाकण घट्ट बसवताना म्हणाली होती, "आज चमचा विसरू नका." मी विसरलो होतो.

लेक संध्याकाळी आली. ती दोन तासांवरच्या गावात औषधाच्या दुकानात काम करते. जे करायचं असतं ते सगळं झालं. तिसऱ्या दिवशी ती झोपलेली असताना दारात पोस्टमन उभा राहिला. हातात एक कार्ड होतं. सवयीने म्हणाला, "वहिनींचं आहे," आणि जीभ चावली.

"मिस्त्री, माफ करा. मी हे परत पाठवतो. मयत असा शेरा मारला की पाठवणाऱ्याकडे जातं."

मी म्हणालो, "नको. द्या इकडे."

इथून सुरुवात झाली, म्हणून ते कार्ड काय होतं ते सांगतो.

माझी बायको पोस्टाने बुद्धिबळ खेळायची. समोरासमोरच्या स्पर्धेला चार-चार दिवस बाहेर राहावं लागतं. लेक लहान होती, माझी पाळी बदलती, म्हणून तिने हा मार्ग काढला. आपली खेळी कार्डावर लिहायची, पेटीत टाकायची आणि उत्तराची वाट बघायची. पटावरच्या प्रत्येक घराला दोन आकडे असतात. निघायच्या घराचे दोन, पोचायच्या घराचे दोन, अशी चार आकड्यांत एक खेळी होते. कार्ड हातात पडल्यापासून तीन दिवसांत उत्तर गेलं पाहिजे. एक डाव वर्ष-दीड वर्ष चालतो. सहा वर्षांपूर्वी ती या खेळात विजेती झाली होती. साऱ्या देशातले लोक त्यात होते. तिचा पट मात्र आमच्या फ्रिजवर असायचा, कारण घरात दुसरी जागा नव्हती.

तिचा खेळ मला फार आवडायचा. मी स्वतः जेमतेम खेळतो, तिनेच शिकवलं. पण सव्वीस वर्षं दुसऱ्याचं काम बघितलं की काही कळायला लागतं. बाकीचे खेळाडू बळी देतात, सापळे लावतात, दोन पानं भरून हिशेब मांडतात. ही दूध तापेपर्यंत फ्रिजसमोर उभी राहायची. मग एखादं प्यादं एक घर पुढे सरकवायची, नाहीतर राजाला एक पाऊल बाजूला घ्यायची. मी विचारायचो, "एवढंच?" ती म्हणायची, "त्याला तिथे जायचंच होतं, मी फक्त वाट दिली." दहा-पंधरा खेळ्यांनंतर समोरच्याचा श्वास कोंडलेला असायचा आणि नेमकं कुठे चुकलं हे त्याला सापडायचं नाही.

विजेती झाली तेव्हा एका सभागृहात सत्कार होता. तिथे एक प्राध्यापक तिला म्हणाले, "तुमचे डाव मी नीट तपासले. खरं सांगू का, त्यात बघण्यासारखं काही नाही हो." ती म्हणाली, "मग तुम्ही हरलात कशाने?" सगळे हसले, प्राध्यापकही हसले. परत येताना बसमध्ये ती मला म्हणाली, "बरोबर बोलले ते. बघण्यासारखं काही असलं की समजायचं, आधी कुठेतरी चुकलंय."

तर तिसऱ्या दिवशी आलेलं कार्ड घोडेवाल्यांचं होतं. घोडेवाले हे तिने ठेवलेलं नाव. गृहस्थ जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त, आणि पटावरही त्यांचा जीव घोड्यांत. एकोणीस वर्षं दोघं एकमेकांशी खेळत होते आणि कधी भेटले नव्हते. यंदाच्या अंतिम फेरीत तिचे आठ डाव संपले होते. हा नववा आणि शेवटचा. यात बरोबरी झाली तरी विजेतेपद तिचं होतं. हरली तर घोडेवाल्यांचं. अडतीस खेळ्या झाल्या होत्या. दोघांकडे एक हत्ती, एक घोडा, पाच-पाच प्यादी. डाव बरोबरीचा दिसत होता.

दोन वर्षांपूर्वी एका खेळाडूने मध्येच स्पर्धा सोडली, तेव्हा त्याचे सगळे डाव हरलेले धरले होते. "मध्येच गेला तो हरला," असं तीच म्हणाली होती. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. शेरा मारलेलं कार्ड परत गेलं की ती हरणार.

मी कार्डावरची खेळी पटावर केली. घोडेवाल्यांचा हत्ती तिच्या एका प्याद्यावर चालून आला होता. मी गॅसवर दूध ठेवलं आणि फ्रिजसमोर उभा राहिलो. दूध उतू गेलं तरी उभा होतो. हत्तीने हत्तीला अडवता आलं असतं. घोड्याने उलट हल्ला करता आला असता. पण राजाने एक पाऊल पुढे टाकलं तर प्यादं आपोआप राखलं जात होतं. ते तिचं वाटत होतं. मी कोरं कार्ड काढलं आणि लिहिलं, ७१७२. दोनाच्या आकड्याला ती लांब शेपूट काढायची, तशी काढली. खाली तिची सही केली. तिच्या नोंदवहीतही एकोणचाळीस नंबरपुढे तेच चार आकडे लिहिले. लेक उठायच्या आत कार्ड पेटीत टाकून आलो.

हे का केलं, असं नंतर मला लेकीने विचारलं. हरू नये म्हणून, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. पण अजून एक होतं. कार्डावर तिचं नाव लिहिलेलं असायचं, आणि त्या घरात आता तिच्या नावाने दुसरं काही येणार नव्हतं.

आठव्या दिवशी उत्तर आलं. घोडेवाल्यांनी घोडा मागे घेतला होता. मी कडेचं प्यादं पुढे केलं, ८२८४. चौदाव्या दिवशी पुन्हा आलं. मी हत्ती शेवटच्या रांगेत मागे आणून ठेवला, ४४४१. पोस्टमन कार्ड देताना दुसरीकडे बघायला लागला होता. एकदा म्हणाला, "मिस्त्री, मला काही माहीत नाही हां. मी आपला टपाल टाकतो." मी म्हणालो, "टाका."

रोज भीती असायची. कारखान्यात मशीन उघडून बसलो की वाटायचं, आज कोणी तरी कळवलं असेल. दातांचे डॉक्टर, शेजारी, कोणीही. घरी येऊन आधी दाराखाली बघायचो. त्यातच, सांगायला लाज वाटते, थोडी ऐटही यायला लागली. तीन खेळ्या झाल्या आणि डाव धरून होता. मला वाटलं, जमतंय आपल्याला.

विसाव्या दिवशी मी शह दिला.

त्यांचा राजा दुसऱ्या रांगेत उभा होता आणि माझा हत्ती मागून सरळ सुटत होता. सहा घरं ओलांडून तो राजाच्याच ओळीत जाऊन बसायचा. मी ते बघितलं. वाटलं, नुसती बरोबरी कशाला? जिंकून देतो तिला. ४१४७ लिहिलं, पुढे शहाची खूण केली आणि त्या संध्याकाळी वीस दिवसांनी प्रथमच पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी जेवताना फ्रिजवरच्या पटाकडे सहज बघितलं आणि ताट बाजूला सारलं. शह लागला की राजा हलणार. हलून वर येणार. मग अजून एक घर, आणि माझ्या हत्तीवरच चालून येणार. तोवर मागची रांग मी मोकळी सोडलेली. त्यांचा हत्ती आत शिरला की माझी प्यादी एकेक करून गळणार. तिने एकदा मला ओरडून सांगितलं होतं, "उगाच शह देऊ नका हो. त्याचा राजा फुकटात चांगल्या जागी जातो." कार्ड तेव्हा पेटीतून निघून गेलं होतं.

पुढचे पाच दिवस मी हरलेला डाव घेऊन हिंडलो. एका मशीनला उलटी सुई बसवली. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "मिस्त्री, घरी जा चार दिवस." मी म्हणालो, "घरी काय करू?"

सव्विसाव्या दिवशी, रविवारची सुट्टी असल्यामुळे लेक आली होती. आदल्या संध्याकाळी पोस्टाने एक जाड पाकीट आलं होतं आणि मी ते न फोडता टेबलावर ठेवलं होतं. कार्डाऐवजी पाकीट, म्हणजे काही तरी बिनसलं. लेकीने ते उचललं, आईचं नाव बघितलं आणि फोडलं. मी बाथरूममधून बाहेर आलो तर ती पत्र वाचत होती.

"बाबा, हे काय आहे?"

मी टॉवेल खुर्चीवर टाकला.

"'नमस्कार बाई'," ती मोठ्याने वाचायला लागली. "'एकोणीस वर्षांत तुम्ही मला अकरा डाव हरवलंत. त्या अकरांत गरज नसताना एकदाही शह दिला नाहीत. परवा आलेला शह तुमचा नाही. तब्येत बरी नाही का? नजरेचा त्रास आहे का? माझी पुढची खेळी ठरली आहे, ती मी केली तर डाव माझा आहे हे तुम्हालाही दिसत असेल. असं जिंकण्यात मला गोडी नाही. मी बरोबरीचा प्रस्ताव देतो. मान्य असेल तर सोबतच्या कागदावर सही करून पाठवा. विजेतेपद तुमचं, त्याचं मला वाईट वाटणार नाही. पण आधी तब्येतीचं कळवा.'"

तिने पत्र खाली ठेवलं. मग नोंदवही उघडली. शेवटच्या चार ओळींवर बोट ठेवलं.

"हे आईचं अक्षर नाही."

"आकडेच तर आहेत."

"बाबा, मी काय चिठ्ठ्या वाचत नाही? डॉक्टरांची अक्षरं ओळखण्यात माझा दिवस जातो. आई गेली त्या तारखेनंतर आईने चार खेळ्या केल्या?"

मी सगळं सांगितलं. ती रडली, चिडली, म्हणाली, "मेलेल्या माणसाची सही करता? लाज नाही वाटली?" मग बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली. परत आली तेव्हा आवाज बदलला होता.

"झालं ते झालं. आता सही करा."

"काय?"

"करा सही. अडतीस खेळ्या आईने खेळल्यात. तुम्ही घाण केलीत, तर हे भले गृहस्थ ती पुसतायत. बरोबरी म्हणजे आईचंच विजेतेपद. करा आणि मोकळे व्हा. कोणाला कळतंय?"

मी पेन घेतलं. कागद समोर ओढला. पेन टेकवलं आणि उचललं. घोडेवाल्यांचं ते एकच वाक्य डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण आधी तब्येतीचं कळवा. सही केली की तब्येतीचंही खोटं लिहावं लागणार होतं. बरी आहे, म्हणून.

"तिने घेतली असती का अशी बरोबरी?" मी विचारलं.

"आई नाहीये, बाबा."

"म्हणून विचारतोय."

ती उठली आणि तिच्या आईचा कप्पा उपसायला लागली. "नियमांचं पुस्तक असेल ना? बघू तरी, काय होतं माणूस गेला की." तिकिटं, कोरी कार्डं, जुनी नोंदवही, आणि तळाशी एक पिवळी पडलेली पुस्तिका निघाली. सव्वीस दिवसांत मला ती उघडावीशी वाटली नव्हती. मशीन नवं आलं की मी आधी पुस्तिका वाचतो. इथे वाचली नाही.

लेकीला पान सापडलं आणि तिने मोठ्याने वाचलं. "खेळाडूचा मृत्यू झाल्यास त्या तारखेला पटावर असलेली स्थिती तज्ज्ञ तपासतील आणि निकाल देतील. घरच्यांनी तीस दिवसांच्या आत रजिस्टर पत्राने कळवलं पाहिजे. न कळवल्यास डाव हरल्याचा धरला जाईल."

म्हणजे मी पहिल्याच दिवशी कळवलं असतं तर तिचा डाव तिच्याच खेळ्यांवर तपासला गेला असता. मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"चार दिवस आहेत," लेक म्हणाली. "आजचा रविवार गेला. पण बाबा, हे नीट ऐका. कळवलंत तर ही सही केलेली कार्डं सांगावी लागतील. ते आईलाच बाद करतील. किंवा तज्ज्ञ म्हणतील, डाव घोडेवाल्यांचा. हातात आलेली बरोबरी सोडून परक्या माणसांच्या तोंडाकडे बघायचं?"

मी उठलो. फ्रिजजवळ गेलो आणि चार खेळ्या एकेक करून मागे घेतल्या. हत्ती परत आणला, कडेचं प्यादं परत, राजा परत. घोडेवाल्यांच्या खेळ्याही परत. शेवटी अडतिसाव्या खेळीनंतरचा पट उभा राहिला, ती दवाखान्यात गेली त्या सकाळचा. मी त्याच्याकडे बघत राहिलो. लेकही येऊन उभी राहिली.

"कोण जिंकतंय?" तिने विचारलं. तिला खेळ येत नाही.

"मला नाही कळत."

"मग बघताय काय?"

मी तिला दाखवलं. हा घोडा या प्याद्याला राखतो, हे प्यादं त्या घराला. एकही सोंगटी अवघडून उभी नाही. कोणाला कोणासाठी धावावं लागत नाही. मी मशीन जुळवतो तेव्हा सगळे भाग बसल्यावर चाक बोटाने फिरवून बघतो. ते कुठे अडलं नाही तर काम झालं. तो पट तसा होता. माझ्या चौथ्या खेळीनंतर तो तसा राहिला नव्हता.

"आईला हे सुचायचं कसं?"

"सुचायचं नाही. तिला जे समोर असेल ते दिसायचं."

लेकीने पेन उचललं. म्हणाली, "मी लिहू पत्र? तुमचं अक्षर कोणाला लागत नाही."

"माझंच असू दे," मी म्हणालो.

दोन पत्रं लिहिली. स्पर्धेच्या समितीला एक. तारीख, वेळ, मृत्यूचा दाखला, आणि एकोणचाळीस ते बेचाळीस या चार खेळ्या मी केल्या, सह्या मी केल्या, तिचा यात काही दोष नाही. दुसरं घोडेवाल्यांना. त्यात तब्येतीचं खरं लिहिलं आणि बरोबरीचा कागद सही न करता परत ठेवला. सोमवारी पोस्ट उघडायच्या आधी दारात उभा होतो. काउंटरवरची बाई म्हणाली, "रजिस्टर? दोन्ही? नीट बघा, पत्ता पुरा आहे ना." मी तीनदा बघितला. पाकिटं तिच्या मागच्या पोत्यात पडली. आता परत घेता येणार नव्हती.

घोडेवाल्यांचं उत्तर आधी आलं. अक्षर कापरं होतं. त्यांनी तिच्याबद्दल लिहिलं, ते मी इथे देत नाही. शेवटी लिहिलं होतं, "पहिल्या तीन खेळ्या मला बाईंच्याच वाटल्या. हे तुम्हाला सांगावं की नाही, ते ठरत नव्हतं." ते पत्र मी शर्टाच्या खिशात ठेवून कारखान्यात गेलो. जेवणाच्या सुट्टीत सात नंबरच्या मशीनमागे जाऊन पुन्हा वाचलं.

समितीचं पत्र मागच्या आठवड्यात आलं. त्यांनी तिला बाद केलेलं नाही. माझ्याबद्दल एक कडक ओळ आहे, ती मला लागू आहे. तीन तज्ज्ञ डाव तपासणार आहेत, पण त्यांना तिची मूळ नोंदवही हवी आहे. वहीत तिच्या स्वतःच्या शेवटच्या खेळीखाली मी शाईने आडवी रेघ मारायची आहे, रेघेपुढे माझं नाव लिहून सही करायची आहे, आणि वही अठरा तारखेच्या आत त्यांच्याकडे पोचली पाहिजे. न पोचल्यास डाव हरल्याचा धरतील.

लेकीचा रोज फोन येतो. "मारली का?" मी म्हणतो, "आज मारतो." काल ती म्हणाली, "बाबा, एक रेघ आहे हो ती." मी म्हणालो, "माहीत आहे."

वही टेबलावर उघडी आहे. पट्टी आणि पेन शेजारी ठेवलं आहे. अडतीस नंबरपर्यंत तिचं अक्षर आहे. रेघ मारली की ते तिथेच संपतं. आज पंधरा तारीख, आणि पोस्टाला दोन दिवस लागतात. रेघ अजून मारलेली नाही.